‘मी हो’ म्हणणारी बाई

मेक्सिको हा देश मी पाहिलेला नाही, आणि आता पाहीन असंही वाटत नाही. गुडघे एक जिना धड चढू देत नाहीत, तिथं विमानाचं काय घेऊन बसलात! पण त्या देशाच्या एका कोपऱ्यातला समुद्र कुठल्या दिशेला आहे, तिथल्या जुन्या पडक्या देवळांच्या विटा कशानं सांधल्या आहेत आणि मका शिजवताना त्यात काय टाकतात, हे मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे. नुसतं मलाच नाही. आमच्या कॉलनीत ज्या बायकांनी नाशिकरोडचं स्टेशन कधी ओलांडलं नव्हतं, त्यांनाही हे सगळं पाठ होतं. कुणाच्या भाकरीला चीर पडली की दुसरी म्हणायची, ‘चुना घाल गं, मेक्सिकोवानी!’ हे सगळं झालं ते अण्णांच्या कॅसेटींमुळे. आणि त्यातल्या तिसऱ्या कॅसेटीनं आमचं घर मोडायची वेळ आणली होती, ते सांगायला मी बसले आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबडला तेलघाण्या बनवणारा एक कारखाना होता, तिथं ते फिटर होते. घाणी म्हणजे बैलाची नव्हे. लोखंडी यंत्र, एका बाजूनं खोबरं टाकलं की दुसरीकडून तेल आणि पेंड वेगवेगळी निघणारं. अशा चार घाण्या बोटीनं मेक्सिकोला गेल्या आणि त्या तिथं बसवून चालू करून द्यायला माणूस हवा म्हणून साहेबांनी अण्णांना सहा महिन्यांसाठी पाठवलं. अण्णांना इंग्रजी बेताचं, स्पॅनिश तर नावालाही नाही. पण ते म्हणाले, ‘नटाला अन् बोल्टाला कुठं भाषा असते?’ आमच्या कॉलनीतून परदेशी जाणारा तो पहिला माणूस. विहारात सत्कार झाला, पंचवटीच्या बाजारातून झेंडूचे ढीगभर हार आले, आणि आईनं बरोबर दोन डबे ठेचा भरून दिला. ‘तिकडच्या लोकांना तिखट काय कळणार, आळणी खाऊन मरतील हे,’ म्हणाली. मिरची मुळात तिकडनंच आपल्याकडं आली, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं आणि मी एकटीच खूप हसले.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट, भिंतीवर फोटो आणि पंचशीलाचं कॅलेंडर. आतल्या खोलीत ओटा नव्हता, आई खाली बसूनच सगळं करायची. पहाटे आधी नळाचा खळखळाट, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग भाकरीची थापथाप. मी त्या थापथापीवरच उठायची. आईची भाकरी थापायची एक चाल होती, तीन थापा जवळ, एक लांब, मग परातीत फिरवल्याचा सर्रकन आवाज. बाजूच्या कौसामावशीची थाप वेगळी, धबाधबा, धुणं आपटल्यासारखी. दोन्ही थापा भिंतींमधून एकाच वेळी ऐकू यायच्या. अण्णा घरात फार बोलायचे नाहीत. हसायचे मात्र, आणि हसताना डोळे मिटायचे. रडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हा सगळी कॉलनी रडली, अण्णा नुसते येणाऱ्या माणसांना पाणी देत फिरत होते.

जाऊन पहिल्या महिन्यात त्यांची दोन पत्रं आली. अक्षर सुरेख, ओळीखाली पट्टी धरल्यासारखं सरळ. कामाचं, जेवणाचं, एका म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या गल्लीत खोली मिळाल्याचं. मग पाच आठवडे काही नाही. आई रोज पोस्टमनची सायकल बघून पुन्हा आत जायची. आणि मग एक दिवस जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं, त्यात पत्र नाही, नुसती कॅसेट. वर कुणीतरी परक्या वळणानं आमचा पत्ता लिहिलेला. आमच्याकडं टेपरेकॉर्डर कुठला! कॉलनीत एकच, जयंती मंडळाचा, भीमगीतं लावायला घेतलेला, आणि तो असायचा कौसामावशीच्या घरी, कारण त्यांचे यजमान मंडळाचे खजिनदार. त्यामुळं अण्णांचं पहिलं बोलणं आईनं एकटीनं ऐकावं अशी सोयच नव्हती. टेपाबरोबर कौसामावशी आली, कौसामावशीबरोबर चार बायका आल्या, आणि दारात पोरं.

‘जय भीम,’ टेपातून अण्णा म्हणाले, आणि सगळ्या बायकांनी, काय सांगू, एका सुरात ‘जय भीम’ म्हणून उत्तर दिलं. आईनं तेवढा पदर तोंडाला लावला होता. ‘लिहायला वेळ नाही गावत म्हणून बोलतोय. इथल्या इंजिनिअरनं त्याचा टेप दिलाय. आज समुद्रावर आलोय.’ मग समुद्राचा आवाज. आम्हाला समुद्र माहीत होता तो दादरचा, सहा डिसेंबरचा. माणसांच्या डोक्यांपलीकडं कुठंतरी करड्या रंगाचं काहीतरी हलतंय असा. अण्णा म्हणाले, ‘इथला समुद्र उत्तरेला हाय बरं का. मी संध्याकाळी वाट बघत बसलो, आता सूर्य पाण्यात बुडंल, आता बुडंल. तो गेला डाव्या हाताला, नारळीच्या बनात. म्हटलं, हे काय! वाळू पांढरी नाही, राखंच्या रंगाची. पाणी कोमट. मोठ्ठाले पक्षी हायेत, चोचीखाली पिशवी, बाजाराला निघाल्यासारखे. एका मागं एक रांगेत जातात आणि दगड पडावा तसे पाण्यात पडतात. लोक रविवारी सगळं घरदार घेऊन येतात. म्हाताऱ्या बाया अंगातल्या कपड्यांसकट पाण्यात बसतात आणि गप्पा मारतात. कुणी कुणाला हसत नाही. शेवंता, तुला लय आवडलं असतं.’ शेवंता म्हणजे आई. बायकांनी तिच्याकडं पाहिलं आणि ती अशी लाजली की मला कसंतरीच झालं. मग अण्णांनी वाद्य ऐकवलं, लाकडी पट्ट्यांचं, चार माणसं एकाच वाद्यावर एकाच वेळी वाजवतात म्हणे. ती धून कॉलनीतली पोरं पुढं महिनाभर शिटीवर वाजवत होती.

दुसरी कॅसेट आली ती पडक्या शहराची. गावाचं नाव कोमालकाल्को, आणि त्याचा अर्थ तव्यांचं घर, असं अण्णांनी सांगितलं तेव्हा कौसामावशी म्हणाली, ‘बरं बाई, आपल्याच जातीचं गाव दिसतंय!’ सगळ्या हसल्या. अण्णांचे वडील वीटभट्टीवर होते, त्यामुळं अण्णांना विटेतलं कळायचं. ‘इथं आसपास दगडच नाही. म्हणून हजार-बाराशे वर्षांपूर्वी लोकांनी विटांचे डोंगर बांधले. डोंगरच म्हणायचे, वर देऊळ, आता नुसत्या भिंती. चुना शिंपल्यांचा. अजून नखानं निघत नाही. आणि एक मजा सांगतो. कितीतरी विटांवर चित्रं हायेत. ओल्या विटेवर काडीनं काढलेली. मगर, माकड, एका माणसाचं लांब नाक. आणि विटा लावताना चित्राची बाजू आत! बाहेरून दिसायची नाही. मी म्हटलं, मग काढली कशाला? तर दाखवणारा माणूस हसला, खांदे उडवले. आपल्या लेण्यांत ज्यानं दान दिलं त्याचं नाव बाहेर कोरून ठेवलंय, तेल्यांच्या संघाचंसुद्धा नाव हाय. इथं ज्यानं केलं त्यानं आत लपवलं. मी त्या भिंतीपाशी लय वेळ बसलो. माझ्या बापानं रचलेल्या भट्ट्या आठवल्या. त्याच्या विटांची घरं कुठं असतील काय माहीत.’ एवढं लांब वाक्य, एवढं मनातलं, अण्णा घरी कधी बोलले नव्हते. त्यांना दोन खोल्यांच्या घरात नव्हे, दोन समुद्र ओलांडून बोलता आलं. माझी नात आता मोबाइलवर त्या विटांचे फोटो शोधून दाखवते, ‘आजी, ही बघ मगर.’ मी बघते, पण मला अण्णांनी सांगितलेली मगर जास्त मोठी वाटते.

कॉलनी खूष होती, पण लासलगावहून मामा आला आणि त्यानं सुरात खडा टाकला. दगडूमामा कांद्याच्या मार्केटात मापाडी. माणूस सरळ, पण डोक्यात एकदा शिरलं की पहारीनं निघायचं नाही. दोन्ही कॅसेटी त्यानं ऐकल्या, चहा संपवला आणि म्हणाला, ‘शेवंते, दाजी कामाला गेलंय का हिंडायला? समुद्र काय, देवळं काय, वाजंत्री काय! मशिनीचं एक अक्षर नाय. पत्रं लिहीत होतं तवा कसं, आज अमुक बसवलं, उद्या तमुक बसवायचं. आता नुस्ती मजा. मला तर लक्षण नीट दिसंना.’ आई म्हणाली, ‘सुट्टीच्या दिवशी जात असतील.’ पण मामा गेल्यावर तिनं मला विचारलं, ‘सुमे, या कॅसेटीत कधी घाणीचं नाव आलं का गं?’ मी आठवून पाहिलं. नव्हतं आलं.

आणि मग तिसरी कॅसेट. तीत सुरुवातीला अण्णांनी खाण्यापिण्याचं सांगितलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात पाट्यावर, पाटा आपल्यासारखाच, पण तीन पायांवर उभा. कौसामावशी म्हणाली, ‘तंबाखूत चुना ऐकलावता, भाकरीत आजच ऐकते.’ मका आणि कोकोच्या बियांची गार अंबील करतात, वाळक्या फळाच्या वाटीत पितात. केळीच्या पानात मक्याचं पीठ बांधून उकडतात, पानग्यासारखं. सगळं छान चाललेलं. मग अण्णा म्हणाले, ‘आता हे ऐक शेवंता. मी जिच्याकडं राहतो ती घरमालकीण भाकरी करतीय. तुला ऐकवायचं म्हणून टेप चालू ठेवतो. अगदी तुझ्यासारखी थापते. हात जणू तुझाच.’

थाप ऐकू आली. तीन जवळ, एक लांब. खरंच आईसारखी. मी आईकडं बघून हसले, पण तिचा चेहरा उतरला होता. ‘हात जणू तुझाच’ हे बाईला सांगायचं असतं का, हे मला आता कळतं. मग त्या बाईचा आवाज आला. बारीक, गाणं म्हटल्यासारखा वर-खाली जाणारा. काय बोलत होती ते कुणाला कळणार! फक्त पुन्हा पुन्हा एकच कानात भरत होतं. ‘मीहो… मीहो…’ आणि मधेच अण्णांचं, ‘हो. हो.’ अगदी हळू, घशातून. मग काहीतरी च्‌च्‌ असा आवाज झाला. पुन्हा ‘मीहो’. मग टेप बंद.

कौसामावशीनं हनुवटीला हात लावला. ‘अगं बया बया! ती म्हणती ‘मी हो’, अन् भाऊ म्हणत्यात ‘हो हो’. हे तर मांडवात विचारल्यासारखं झालं! मराठी शिकवलं की काय तिला? अन् तो शेवटचा आवाज… सुमे, तू बाहेर जा.’ मी बाहेर गेले, पण खिडकी कुठं जाते? आतून ऐकू आलं, ‘मुका होता गं तो. माझं वय झालंय, मला कळत नाही का?’ मला तेव्हा कौसामावशीचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा त्याहून जास्त. कारण मीही तेच ऐकलं होतं. एकदा कानात ‘मी हो’ बसलं की दुसरं काही ऐकूच येईना.

आई रडली-भेकली असती तर बरं झालं असतं. तिनं टेपरेकॉर्डर फडक्यानं पुसून मावशीला परत दिला, तिन्ही कॅसेटी पत्र्याच्या पेटीत तळाला घातल्या आणि दुसऱ्या दिवशी लासलगावला निरोप पाठवला की दादा, शनिवारी येऊन मला घेऊन जा. मला म्हणाली, ‘तुझा दाखला काढायला मामा शाळेत जाईल. तिकडं बी शाळा हाय.’ मी म्हटलं, ‘आई, आपण विचारू ना अण्णांना पत्रानं.’ ती म्हणाली, ‘काय विचारू? अन् त्यांनी काय लिहावं? पंधरा वर्सं मी ज्या माणसाला भाकरी घातली त्यानं माझी भाकरी दुसरीच्या हातात बघितली, अन् मलाच ऐकवली. मला या घरात बसून वाट बघायची नाय.’ त्या आठवड्यात आमच्या घरात भाकरी झाली नाही. आईनं खिचडी लावली, चारही दिवस.

मला नववीतून उठून जायचं नव्हतं. पण त्याहून मोठं होतं ते हे की मला अण्णा परत हवे होते, पहिल्यासारखे, आणि ते कुणी देऊ शकेल असं मला वाटेना. गुरुवारी मी आमच्या इंग्रजीच्या बाईंना विचारलं, ‘बाई, मीहो म्हणजे इंग्रजीत काय?’ त्या म्हणाल्या, ‘असा शब्दच नाही. कुठं ऐकलास?’ मी मेक्सिको म्हटलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अगं वेडे, तिथं स्पॅनिश बोलतात. मिशनच्या चर्चमध्ये एक म्हातारे फादर आहेत, ते मूळचे स्पेनचे. त्यांच्याकडे जा.’ आम्हा कुणाला इतके दिवस हे सुचलंच नव्हतं, की न कळणारी भाषा कळणारा माणूस असतो. शुक्रवारी मी पेटीतून कॅसेट काढली, भूगोलाच्या वहीत घातली आणि शाळा सुटल्यावर चालत चर्चला गेले.

फादर बागेत दुधीच्या वेलाला काठी बांधत होते. पांढरा झगा, पायात आपल्याकडच्याच टायरच्या चपला. मराठी बोलायचे ते पुस्तकातलं, पण ‘ट’ सगळे ‘त’ व्हायचे. मी म्हटलं, ‘फादर, यात एक बाई बोलते. ती वाईट आहे की चांगली ते सांगा.’ ते हसले नाहीत. त्यांच्या खोलीत टेप होता. त्यांनी कॅसेट लावली, मान खाली घालून ऐकली, पुन्हा मागं घेऊन ऐकली. मग म्हणाले, ‘ही म्हातारी आहे. सत्तरीच्या पुढची असेल. हिला पुढचे दात नाहीत, त्यामुळे शब्द बारीक शिट्टीसारखे निघतात.’ मी विचारलं, ‘मग मी हो कशाला म्हणते?’ ते म्हणाले, ‘मीहो. आमच्या गावी नुसतं ईहो म्हणत, तिकडे असं म्हणतात. मीहो म्हणजे माझ्या लेकरा.’

मी इतक्या जोरात हसले की बाहेरचा माळी डोकावला. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी. लेकरा! कौसामावशीला आता दाखवते, असंही मनात आलं. पण फादर हसत नव्हते. त्यांनी टेपावर बोट ठेवून मला विचारलं, ‘मुली, तुझ्या वडिलांच्या उजव्या हाताला काय झालं आहे?’

मी म्हटलं, ‘काही नाही.’ मग त्यांनी मला एक एक वाक्य सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, पुढं आईसमोर त्यांनी जसं सांगितलं तसंच लिहिते. मी एवढंच म्हणाले, ‘मला हे आईला सांगता येणार नाही. तुम्ही चला.’ त्यांनी विचारलं, ‘कधी?’ मी म्हटलं, ‘उद्या दुपारच्या आत. मामा येणार आहे.’

शनिवारी मामा आला, पेटी बांधून झाली, आणि दारात सायकलची घंटी वाजली. पांढरा झगा बघून कौसामावशी तिच्या ओट्यावरूनच ओरडली, ‘ओ फादर, इकडं कुणीकडं? एकदा धर्म बदलून झालाय आमचा, आता पुन्यांदा नाय बदलायचा!’ फादर म्हणाले, ‘मी धर्मासाठी आलो नाही, भाकरीसाठी आलो आहे,’ आणि आत येऊन कॉटवर बसले. मी कौसामावशीकडून टेप मागून आणला, म्हणजे अर्थातच तीही आली. आईला मी म्हटलं, ‘आई, या बाईचं बोलणं यांना कळतं. एकदा ऐक, मग जाऊ.’ आईनं पेटीची कडी सोडली नाही. उभीच राहिली. ‘ऐकलंय मी,’ म्हणाली.

फादरांनी टेप चालू केला. एक वाक्य झालं की थांबवायचे, सांगायचे, मग पुढचं. ‘ती म्हणते, ये लेकरा, इथे चुलीजवळ बस.’ कौसामावशीनं तोंडावर हात ठेवला. ‘ती म्हणते, खा लेकरा. गरम आहे तोवर खा. डाव्या हाताने खा.’ आई म्हणाली, ‘डाव्या?’ फादर थांबले, आणि मग हळू बोलू लागले. ‘डाव्या हाताने खा, इथे तुला कोण हसणार आहे? उजव्या हाताचं फडकं ओलं करू नकोस, जखम अजून भरली नाही. लेकरा, यंत्राने दोन बोटं नेली, हात नेला नाही. माझ्या नवऱ्याचा तर कोपरापासून गेला होता, तरी त्याने नारळ सोलले.’ मग तो च्‌च्‌ असा आवाज आला. फादर म्हणाले, ‘हे आपण दुसऱ्याचं दुःख बघून करतो तसं आहे. आणि मग ती म्हणते, रडू नकोस लेकरा. रडू नकोस. आणि पुन्हा, रडू नकोस.’

मामा भिंतीला टेकून खाली बसला. ‘म्हणून पत्रं बंद,’ म्हणाला. ‘म्हणून हिंडणं. हाताला काम नव्हतं दाजीच्या, लोकं हिंडवत व्हती. अन् मी काय बोललो! माझ्या तोंडात किडं पडू दे.’ कौसामावशी पदरात हुंदके देत होती. आई पेटीपासून हलली, स्टोव्हपाशी गेली, आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, ‘पुन्हा लावा.’ फादरांनी लावला. ‘नुस्तं शेवटचं लावा. त्यांचं हो हो.’ त्यांनी तेवढं लावलं. आता आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं की ते ‘हो हो’ रडणाऱ्या माणसाचं होतं. आधी तोच टेप ऐकून आम्हाला ते कळलं नव्हतं, कारण अण्णांचं रडणं कसं असतं हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. पंधरा वर्षं संसार करून आईलासुद्धा नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

मामानं पेटीची दोरी सोडली. आई फादरांसमोर खाली बसली आणि विचारलं, ‘याच्यात बोलता बी येतं ना? दुसऱ्या बाजूला?’ फादरांनी कॅसेट उलटी करून लाल बटण दाबलं आणि तिला खूण केली. आईनं टेपाकडं बघून आधी पदर सावरला, अगदी कुणी मोठं माणूस समोर असल्यासारखा. मला वाटलं आता ती अण्णांना म्हणेल, घरी या, कसा आहे हात. पण ती अण्णांशी बोललीच नाही.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘जय भीम. मी शेवंता, यांच्या घरातली. तुम्ही भाकरी चांगली थापता. मी ऐकलीय. तुमचा लय राग आलावता मला, माफ करा. यांना रातचं वांगं देऊ नका, सोसत नाय. अंघोळीला पाणी कुणाला तरी काढून द्यायला सांगा, हे स्वतः मागणार नाय. अन् एक ऐका माझं. तुम्ही त्यांना रडू नको म्हणता. असं म्हणू नका. आई मेली तवा बी हा माणूस रडला नाय. तुमच्यापाशी आलंय रडू, तर येऊ द्या. माझ्याकडं येईपर्यंत तुम्हीच बघा.’

एवढं बोलून तिनं बटणाकडं बोट दाखवलं. फादरांनी ते बंद केलं, चष्मा काढून झग्याला पुसला आणि म्हणाले, ‘बाई, मी पुढे हेच स्पॅनिशमध्ये बोलून ठेवू का? म्हणजे तिला समजेल.’

‘नको फादर,’ आई म्हणाली आणि पिठाचा डबा ओढला. ‘कळंल तिला.’